गाण्यातला रेडिओ: खरखर, शिट्टी आणि मध्येच विरणारा सूर

रेडिओ ऐकण्यावर लिहिलेली पॉप आणि रॉक गाणी ढिगाने आहेत. त्यांच्याबद्दल बोललं जातं ते बहुतेक शब्दांच्या अंगाने: रात्रीचा प्रवास, उशीखालचा ट्रान्झिस्टर, निवेदकाचा आवाज. पण यातल्या चांगल्या गाण्यांत रेडिओ शब्दांइतकाच आवाजातही असतो. कुठे गिटार एकदम किडकिडीत होते, कुठे खरखर वाढते, कुठे दोन स्टेशनं एकमेकांवर चढतात. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे रेडिओसंचात किंवा आकाशात घडणारं काहीतरी ठरावीक असतं. ते समजलं की गाण्यातला रेडिओ एएम आहे की एफएम, वेळ दिवसाची आहे की रात्रीची, स्टेशन जवळचं आहे की शेकडो किलोमीटरवरचं, हे नुसत्या कानाने ओळखता येतं. स्वतःच्या गाण्यात रेडिओ आणायचा असेल तर काय करायचं आणि काय टाळायचं, हेही त्यातूनच कळतं.

किडकिडीत आवाज येतो कुठून

गाण्यांमधला रेडिओ बहुतांशी एएम असतो, म्हणजे मीडियम वेव्हवरचा. एएममध्ये स्टेशन एक ठरावीक वारंवारितेची लहर सतत पाठवत असतं. तिला वाहक लहर म्हणतात. गाणं जसं चढेल-उतरेल तसा या लहरीचा जोर कमी-जास्त केला जातो आणि संच तो चढउतार वाचून त्याचा पुन्हा आवाज करतो.

असं केल्यावर वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना आवाजाइतकीच जागा व्यापली जाते. ५ किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला ५,००० कंपनांपर्यंतचा आवाज पाठवायचा तर एकूण १० किलोहर्ट्झ जागा लागते. आणि मीडियम वेव्हवर शेजारशेजारच्या स्टेशनांमधलं अंतर असतं अमेरिका खंडांत १० किलोहर्ट्झ, बाकी जगात ९. म्हणजे घरं भिंतीला भिंत लावून. शेजाऱ्याचा आवाज आत येऊ नये म्हणून संचातला फिल्टर आपल्याच गाण्याचा वरचा भाग कापतो. साध्या संचातून बाहेर पडतं ते ३ ते ५ किलोहर्ट्झपर्यंतच. माणसाचा निरोगी तरुण कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू शकतो, हे लक्षात घेतलं तर किती गेलं ते समजेल: झांजांची चकाकी, ‘स’ आणि ‘श’ची धार, गायकाचा श्वास, तारेवरून घसरणाऱ्या बोटांचा आवाज.

खालची बाजू कापतो स्पीकर. बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, रीजन्सी टीआर-१, ऑक्टोबर १९५४ मध्ये जाहीर झाला. त्यात चार ट्रान्झिस्टर होते आणि स्पीकर जेमतेम ७ सेंटिमीटरचा. एवढा लहान पडदा ३०० हर्ट्झच्या खाली पुरेशी हवा ढकलूच शकत नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो. तो अशा रेडिओतून येतच नाही, तरीही बेसची चाल आपल्याला कळते. त्या तारेचे उपसूर, म्हणजे ८२, १२३, १६४ हर्ट्झ असे वर चढत जाणारे, यातले वरचे स्पीकरमधून येतात आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू खालचा सूर भरून काढतो. ज्या बेसमध्ये उपसूर भरपूर, तो रेडिओवर टिकतो. गुळगुळीत, नुसताच घुमणारा बेस तिथे गायब होतो.

मधे उरतो साधारण ३०० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा. माणसाचा आवाज समजायला लागतं ते जवळजवळ सगळं याच पट्ट्यात आहे. म्हणून लय आणि गाता गळा टिकतो, बाकीचं झडतं.

बगल्स या बँडच्या १९७९ सालच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’मध्ये याचा फार नेमका उपयोग आहे. १९५२ साली वायरलेसवर ऐकलेल्या कलाकाराची आठवण सांगणारा गायक ट्रेव्हर हॉर्नचा आवाज अरुंद पट्ट्यात कोंबलेला आहे, जुन्या संचातून यावा तसा. ध्रुवपदाला गायिका येतात तेव्हा त्यांच्या आवाजाची रुंदी पूर्ण मोकळी असते. गाण्याचा विषय आहे दोन काळांची टक्कर, आणि ती टक्कर निव्वळ फिल्टरने ऐकू येते. १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली ते याच गाण्याच्या व्हिडिओने. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाण्यातली खरी कारागिरी त्या दोन आवाजांच्या रुंदीतल्या फरकात आहे.

रात्री दूरचं स्टेशन का लागतं

रेडिओच्या गाण्यांत रात्र इतक्यांदा का येते? हौसेने नाही, भौतिकशास्त्रामुळे.

जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, एक खालचा थर असतो. दिवसा सूर्यप्रकाशाने तो विद्युतभारित होतो आणि मीडियम वेव्ह लहरी शोषून घेतो. त्यामुळे दिवसा फक्त जमिनीलगत सरपटत येणारी लहर ऐकू येते. सूर्य मावळला की हा थर लवकरच विरून जातो. मग लहरी त्याच्या वरच्या, १०० किलोमीटर आणि त्याहून उंच थरांपर्यंत पोचतात, तिथून वळून जमिनीवर येतात आणि शेकडो, कधी हजाराहून जास्त किलोमीटरवर उतरतात.

रेडिओ लक्झेंबर्गची इंग्रजी गाणी ब्रिटनमध्ये एक अख्खी पिढी संध्याकाळनंतर ऐकत होती ती यामुळेच. २०८ मीटर, म्हणजे जवळपास १,४४० किलोहर्ट्झ, आणि लंडनपासून अंतर सुमारे ५०० किलोमीटर. दिवसा ते नीट लागणं शक्य नव्हतं. व्हॅन मॉरिसनच्या १९९० सालच्या ‘इन द डेज बिफोर रॉक अँड रोल’मध्ये टेलिफुंकेन संचाच्या बटणांशी झटणारा मुलगा आहे आणि लक्झेंबर्ग, अॅथलोन, बुडापेस्ट, हिल्व्हरसुम अशी नावं एकामागून एक येतात. ही नावं जुन्या संचांच्या काचेच्या पट्टीवर छापलेली असत. सुई सरकवत जायचं आणि युरोप ओलांडायचा. गाण्याचे शब्दही त्या सुईसारखेच एका नावावरून दुसऱ्यावर सरकतात.

अमेरिकेत दूरच्या स्टेशनांचं दुसरं टोक दिसतं. तिथे एएम स्टेशनला जास्तीत जास्त ५० किलोवॅटची परवानगी होती. मेक्सिकोच्या हद्दीत ती मर्यादा लागू नव्हती, म्हणून सीमेलगत प्रचंड ताकदीची स्टेशनं उभी राहिली. त्यातलं एक्सईआरएफ २५० किलोवॅटवर चाले. मेक्सिकोच्या अशा एएम स्टेशनांची सांकेतिक नावं ‘एक्सई’ने सुरू होत. झेडझेड टॉपच्या १९७५ सालच्या ‘हर्ड इट ऑन द एक्स’मधला ‘एक्स’ तो हाच, आणि वॉल ऑफ वूडूचं १९८२ सालचं ‘मेक्सिकन रेडिओ’ याच सीमेवरच्या आवाजांवर आहे. पाचपट ताकद म्हणजे फक्त ७ डेसिबल (आवाजाचा किंवा लहरीचा जोर मोजण्याचं एकक), ऐकायला मोठासा फरक नव्हे. पण रात्री आकाशातून येणाऱ्या अशक्त लहरीला खरखरीच्या वर काढायला एवढा फरक पुरतो.

व्हॅन मॉरिसनच्याच १९६७ सालच्या ‘ब्राउन आइड गर्ल’मध्ये ट्रान्झिस्टर घेऊन जुन्या खाणीत उतरण्याचा उल्लेख आहे. ओल्या मातीत १,००० किलोहर्ट्झची लहर साधारण ५ मीटर गेली की तिचा जोर ३७ टक्क्यांवर येतो, आणखी ५ मीटरवर उरलेल्याच्या पुन्हा ३७ टक्के. खाणीच्या तोंडाशी गाणं ऐकू येईल, पण थोडं खाली गेलं की रेडिओ मुका. त्या दोघांना गाण्याचं फार पडलं नसावं, ही गोष्ट वेगळी.

सूर विरतो तेव्हा काय होतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण नकली रेडिओ उघडा पडतो तो नेमका याच ठिकाणी.

रात्री एकाच स्टेशनची लहर दोन वाटांनी येते: एक जमिनीलगत, दुसरी आकाशातून वळून. किंवा आकाशातूनच दोन वेगवेगळ्या उंचींवरून. वाटांची लांबी वेगळी असल्यामुळे त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडतात. वरचे थर सतत हलत असतात, म्हणून हे जुळणं-बिघडणं काही सेकंदांत बदलत राहतं. स्टेशन जातं, परत येतं.

पण गाणं नुसतं बारीक होत नाही. संचात ऑटोमॅटिक गेन कंट्रोल असतो. लहर अशक्त झाली की तो संचाची ताकद वाढवतो, त्यामुळे एकूण आवाज बराचसा तेवढाच राहतो. गाणं बुडतं आणि त्याच वेळी खरखर वर येते. लहर परतली की ताकद कमी होते आणि खरखर दबते. गाणं आणि खरखर एकत्र बारीक झाली तर कान लगेच ओळखतो की कोणीतरी नुसतं बटण फिरवलं आहे.

दुसरी गोष्ट आणखी बारीक आहे. दोन वाटांचं खोडणं सगळ्या वारंवारितांवर एकाच क्षणी होत नाही. एक अरुंद खाच गाण्याच्या पट्ट्यातून हळूहळू सरकत जाते, आणि आवाज पोकळ, पिळवटल्यासारखा होतो. ती खाच नेमकी वाहक लहरीवर आली की सगळ्यात वाईट: संच आवाज वाचतो तो वाहक लहरीच्या आधाराने. आधारच गेला आणि बाजूचे पट्टे शाबूत राहिले तर गायकाचा आवाज फाटतो, शब्द ओळखू येत नाहीत. एक-दोन सेकंदांत खाच पुढे सरकते आणि सगळं निवळतं. शॉर्टवेव्हवर हे सारखं घडतं, मीडियम वेव्हवर रात्री.

शिट्टी, वीज आणि दोन स्टेशनं एकत्र

एएममध्ये दोन स्टेशनं पट्टीवर एकाच जागी आली तर दोन्ही ऐकू येतात, एकमेकांत मिसळून. त्यांच्या वाहक लहरींमध्ये जेवढा फरक असेल तेवढ्या वारंवारितेची शिट्टीही येते. शेजारच्या घरातल्या स्टेशनमुळे ९ किंवा १० किलोहर्ट्झची बारीक सुईसारखी शिट्टी ऐकू येते, तीही संचाचा फिल्टर रुंद असेल तरच.

सुई फिरवताना खालीवर घसरणारी शिट्टी वेगळी. बहुतेक एएम संच कोणतंही स्टेशन आधी ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतात. ९१० किलोहर्ट्झच्या आसपास स्टेशन असेल तर ४५५च्या दुपटीशी त्याची गाठ पडते आणि सुई हलेल तशी शिट्टी घसरते. तिची चाल नेहमी एकच: उंच सुरू होते, उतरत शून्यावर जाते, मधल्या बिंदूवर नाहीशी होते आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा चढते. गाण्यांमध्ये बनावट शिट्टी टाकणारे ती एकाच दिशेने नेतात आणि तिथेच फसतात.

विजेचा कडकडाट, मोटारीच्या स्पार्क प्लगची टकटक, बटण दाबल्याचा टक्कन आवाज, हे सगळे लहरीच्या जोरावर परिणाम करतात आणि एएम वाचतं ते जोरच. म्हणून ते थेट स्पीकरमधून येतात. मोटारीच्या रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी बारीक किरकिरही येते, ती गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची.

एफएमला खरखर का नाही

स्टीली डॅन या बँडचं १९७८ सालचं ‘एफएम (नो स्टॅटिक अॅट ऑल)’ हे गाणं अजिबात खरखर नसल्याची ग्वाही शीर्षकातच देतं. दावा तांत्रिकदृष्ट्या बराचसा खरा आहे. अभियंता एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये पेटंट मिळवलेल्या एफएम पद्धतीत लहरीचा जोर कायम राहतो आणि गाण्याप्रमाणे तिची वारंवारिता हलते, दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत. संच जोरातला चढउतार सरळ छाटून टाकतो, आणि त्याबरोबर विजेची कडकडही जाते. जागाही ऐसपैस, त्यामुळे १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज आणि स्टिरिओ दोन्ही मिळतात. हे गाणं एएम स्टेशनांनी वाजवायचं तर पंचाईत होती. काहींनी याच बँडच्या ‘एजा’ या गाण्यातला ‘ए’ कापून ‘एफ’च्या जागी चिकटवला.

पण एफएमही बिघडतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. दोन स्टेशनं एकत्र आली तर थोडंसं जोरकस असलेलं दुसऱ्याला पूर्ण गिळतं. मिसळ होत नाही, उडी होते: आत्ता हे, पुढच्या क्षणी ते. स्टेशनांच्या मधल्या जागेत कडकड नसते, एकसारखी फुसफुस असते. लहर अशक्त झाली की आधी स्टिरिओ खराब होतं, कारण मोनोपेक्षा त्यात सुमारे २० डेसिबल जास्त फुसफुस असते. म्हणून संच हळूहळू डावं-उजवं एकत्र करून मोनोवर येतात. आणि चालत्या गाडीत एफएम फडफडतं. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटर लांबीची असते. इमारतींवरून परतलेल्या लहरींमुळे साधारण दर दीड मीटरवर एक मुका ठिपका तयार होतो. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर, म्हणून सेकंदाला दहा फडफडी.

यावरून कानाची कसोटी सोपी होते. दोन आवाज एकमेकांत मिसळले असतील किंवा स्टेशन हळूहळू विरत असेल तर ते एएम. पटकन उडी, फुसफुस आणि फडफड असेल तर एफएम. रात्री हजार किलोमीटरवरचं स्टेशन ऐकणारं पात्र गाण्यात असेल आणि मागे एफएमची फुसफुस घातली असेल, तर निर्मात्याचं लक्ष नव्हतं. एफएम लहरी साधारणपणे क्षितिजाच्या फार पलीकडे जात नाहीत.

खरा रेडिओ गाण्यात

जॉन केज या संगीतकाराने १९५१ मध्ये बारा रेडिओंसाठी एक रचना लिहिली, ‘इमॅजिनरी लँडस्केप नंबर ४’. वादक चोवीस. प्रत्येक संचावर दोघं: एक स्टेशन फिरवणार, दुसरा आवाज आणि टोन सांभाळणार. काय वाजेल ते त्या क्षणी हवेत काय असेल त्यावर. पहिला प्रयोग रात्री इतक्या उशिरा झाला की बरीच स्टेशनं बंद झालेली होती.

बीटल्सनी २९ सप्टेंबर १९६७ रोजी ‘आय अॅम द वॉलरस’चं मोनो मिश्रण करताना चालू रेडिओ सरळ मिक्सरला जोडला. त्या वेळी बीबीसीवर शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ चालू होतं आणि ते संवाद गाण्यात कायमचे अडकले. यात एक तांत्रिक अडचण निर्माण झाली. रेडिओ टेपच्या वेगळ्या ट्रॅकवर घेतलेलाच नव्हता, तो थेट मिश्रणात मुरला होता. त्यामुळे स्टिरिओ आवृत्ती करताना रेडिओ आल्यानंतरचा भाग मोनोवरूनच घ्यावा लागला आणि त्याला नकली रुंदी दिली गेली. हेडफोन लावून त्या काळची स्टिरिओ आवृत्ती ऐका: गाणं मध्येच आक्रसल्याचं स्पष्ट जाणवतं. यातून घ्यायचा धडा साधा आहे, रेडिओ नेहमी वेगळ्या ट्रॅकवर घ्या.

द हूच्या डिसेंबर १९६७ मधल्या ‘द हू सेल आउट’मध्ये रेडिओ लंडनच्या जिंगल्स गाण्यांच्या मधे पेरल्या आहेत. समुद्रातल्या जहाजावरून चालणारं ते स्टेशन त्याच वर्षी १४ ऑगस्टला बंद पडलं होतं, म्हणजे अल्बम आला तेव्हा जिंगल्स बंद झालेल्या स्टेशनच्या होत्या. कार्पेंटर्सनी १९७३ मध्ये ‘येस्टर्डे वन्स मोअर’नंतर तबकडीची जवळपास अख्खी दुसरी बाजू निवेदकासकट रेडिओच्या कार्यक्रमासारखी रचली. तिथे खरखर वगैरे नाही. निवेदकाचा वेग आणि गाण्याला गाणं चिकटवण्याची घाई, एवढ्यावरच रेडिओ उभा राहतो.

मात्र सगळ्यांत विचारपूर्वक केलेलं काम म्हणजे पिंक फ्लॉइडचं १९७५ सालचं ‘विश यू वेअर हिअर’. अल्बममधलं त्याआधीचं गाणं पूर्ण रुंदीत चाललेलं असताना अचानक आक्रसतं, जणू ते लहानशा संचातून येत होतं. मग सुई फिरते. हा भाग बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेला आहे. बोलणं येतं, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येतो आणि जातो. मग बारा तारांची गिटार, तीही एएमच्या अरुंद पट्ट्यात. आणि त्यानंतर दुसरी गिटार, पूर्ण रुंदीची, अगदी जवळ. खोलीत बसलेला कोणीतरी रेडिओबरोबर वाजवतो आहे. एक शब्दही न उच्चारता ऐकणारा माणूस उभा राहतो. रेडिओवरच्या गाण्यांमध्ये ऐकणाऱ्याचं इतकं नेमकं चित्र दुसरं सापडणं कठीण.

स्वतःच्या गाण्यात रेडिओ बनवताना

लहरीचा प्रवास ज्या क्रमाने होतो त्याच क्रमाने साखळी लावायची: स्टेशन, आकाश, संच, स्पीकर, खोली. क्रम चुकला की बाकी आकडे बरोबर असूनही उपयोग होत नाही.

आधी गाण्याचा तो भाग मोनो करा. स्टेशनं गाणं दाबून पाठवतात, म्हणून ४:१चा कंप्रेसर (जोरातला चढउतार दाबणारं साधन) लावून ८ ते १० डेसिबल दाबा. मग ४ ते ४.५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, उतार कडक, ऑक्टेव्हला, म्हणजे वारंवारिता दुप्पट होईल तेव्हा, २४ डेसिबल तरी हवा. साधा ६ डेसिबलचा उतार ठेवला तर जाड कापडाआडचा आवाज येतो, रेडिओचा येत नाही.

आता खरखर मिसळा, गाण्यापेक्षा सुमारे ३० डेसिबल खाली. खऱ्या संचावर दोन स्टेशनांच्या मधली जागा लावून किमान एक मिनिटभर ध्वनिमुद्रण करा. दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवला तर एखादी टकटक ठरावीक अंतराने परत येते आणि कान ती पकडतो.

त्यानंतर गाणं आणि खरखर दोन्हींवर मिळून दुसरा कंप्रेसर: १०:१, सुरुवात सावकाश, ५० ते १०० मिलिसेकंदांत, सुटणंही सावकाश, अर्धा ते एक सेकंद. हा आपला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणं सुरू होण्याची पातळी, इतका खाली घ्या की गाणं चालू असताना तो सतत २० डेसिबलच्या आसपास दाबत राहील. आता स्टेशन विरवायचं असेल तर फक्त गाण्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी), या कंप्रेसरच्या आधीचा, चार-पाच सेकंदांत २० डेसिबल खाली न्या आणि परत आणा. खरखरीला हातही लावू नका, ती आपोआप वर येईल आणि दबेल. रात्रीचा प्रवास दाखवायचा असेल तर गाण्यावर अतिशय संथ फेझर (आवाजात सरकती खाच पाडणारा परिणाम) लावा, एका फेऱ्याला सात ते दहा सेकंद, आणि विरण्याच्या तळाशी क्षणभर विकृती, म्हणजे आवाजाचं फाटणं, वाढवा.

शेवटी स्पीकर: ३०० हर्ट्झच्या खालचं कापा, १ ते २ किलोहर्ट्झच्या मधे ४ डेसिबलची टेकडी द्या, थोडं सॅच्युरेशन, म्हणजे सौम्य विकृती. याहून सोपी आणि माझ्या मते सरस वाट म्हणजे खराच ६-७ सेंटिमीटरचा स्पीकर लहान खोक्यात बसवायचा, त्यातून वाजवायचं आणि २०-३० सेंटिमीटरवर माइक ठेवून परत मुद्रित करायचं. खोक्याचा घुमारा आणि खोलीचा आवाज फुकटात मिळतो, कुठल्याही प्लगइनमध्ये तो तितका नेमका येत नाही.

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे खरखर अगदी शेवटी टाकणं. मग गाणं ४ किलोहर्ट्झवर संपतं आणि खरखर १५ किलोहर्ट्झपर्यंत लखलखते. कोणत्याही संचात हे अशक्य आहे, कारण दोन्ही एकाच फिल्टरमधून आणि एकाच स्पीकरमधून येतात. म्हणून बाहेरून आणलेली स्वच्छ, रुंद खरखर वापरली तर तिलाही वरचा फिल्टर लागतो. ती ४.५ किलोहर्ट्झच्या फिल्टरच्या आधी मिसळा.

सुई फिरवताना स्टेशन लागण्याच्या आधी अर्ध्या सेकंदापुरता आवाज तीक्ष्ण आणि फाटका हवा, खालचा भाग जवळजवळ गायब. संच स्टेशनच्या मध्यावर नसताना एका बाजूचाच पट्टा फिल्टरमध्ये येतो, त्यामुळे वरचे सूर मोठे होतात. १ किलोहर्ट्झच्या खालचं कापून विकृती वाढवली की हे साधतं. मग झटकन नेहमीच्या पट्ट्यावर या. स्टेशन ओलांडून किंचित पुढे जाऊन परत मागे आलात तर आणखी खरं वाटतं, हात प्रत्यक्षात तसाच चालतो.

रेडिओतून पूर्ण आवाजात येण्याच्या जागी एक सापळा आहे. बरेच जण फिल्टर लावलेली प्रत आणि मोकळी प्रत शेजारी ठेवून एकीचा आवाज कमी करत दुसरीचा वाढवतात. साधे फिल्टर सुरांची वेळ किंचित सरकवतात. त्यामुळे दोन्ही प्रती एकत्र वाजताना काही सूर खोडले जातात आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणी गाणं पोकळ होतं. त्याऐवजी एकच प्रत ठेवून फिल्टरच्या कडा सरकवत न्या, खालची ३०० वरून ३०, वरची ४,५०० वरून २०,००० हर्ट्झवर, साधारण तालाच्या दोन आवर्तनांत. किंवा पहिल्या ठोक्यावर सरळ कापा. रेडिओच्या भागाचा आवाज फार खाली ठेवू नका. ३-४ डेसिबल कमी पुरतो, उरलेला धक्का रुंदी देते.

गाण्यात दुसऱ्या कोणाचं खरं प्रसारण वापरायचं असेल तर हक्क एकाच माणसाकडे नसतात: गाण्याची रचना, तिचं ध्वनिमुद्रण आणि प्रसारण हे वेगवेगळे हक्क आहेत आणि ते वेगवेगळ्या हातांत असू शकतात. दहा सेकंदांच्या निवेदनासाठी एवढी खटपट करण्यापेक्षा निवेदन स्वतः लिहून, मित्राकडून बोलवून घेऊन वरच्या साखळीतून काढा. निवेदकाने माइकच्या जवळ, ५ ते १० सेंटिमीटरवर, सरळ न बोलता किंचित बाजूने बोलावं, म्हणजे ‘प’ आणि ‘ब’ फुटत नाहीत. आणि गाण्याचे शब्द सुरू व्हायच्या अर्धा सेकंद आधी थांबावं. सुरुवातीच्या वाद्यांवर बोलत राहून नेमकं तिथे थांबणं, हे निवेदकाचं कसब ज्याला साधलं त्याच्या गाण्यात खरखर थोडी कमी पडली तरी चालते.